लाल तूर, पांढरी तूर

थंडी पडली की आमच्या यवतमाळातल्या माणसांना एकदम आरोग्य आठवतं. वर्षभर जे कोपऱ्यावरून कोथिंबीर आणायलाही गाडीला किक मारतात, ते गृहस्थ कानाला मफलर गुंडाळून आर्णी रोडनं हात हलवत चालू लागतात. घराघरांत तुरीच्या ओल्या शेंगा मीठ घालून उकडतात आणि संध्याकाळी गल्लीत त्यांचा हिरवट, थोडा मातकट वास भरून राहतो. स्टाफरूममध्ये कोणीतरी हात चोळत म्हणतं, "काय मस्त हवा पडली, मॅडम!" मी हो म्हणते. आमच्याकडे उन्हाळ्याला घाबरायची रीत आहे. उन्हाळ्याला घाबरा, सगळं गाव सोबत घाबरतं. थंडीला घाबरणाऱ्याला मात्र एकट्यानंच घाबरावं लागतं.

मी एकटी घाबरते. पहिल्या गार सकाळी चहाच्या आधी पुण्याला फोन लावते. माझा भाचा अंशू तिथे नोकरी करतो. चांगला दाढीमिशीवाला माणूस आहे, हाताखाली चार पोरं आहेत, आणि मी त्याला पायमोजे घातले का असं विचारते. तो म्हणतो, "घातले, मावशी. पाणीबी पिलो. गोळीबी घेतली. आणखी काही?" आणखी काही नसतं. फोन ठेवल्यावर मी त्याच्या आवाजातलं 'ठीक आहे' मनात पुन्हा एकदा वाजवून पाहते, मडकं विकत घेताना टिचकी मारून पाहावं तसं.

ज्युनियर कॉलेजात मी मराठी शिकवते. माझ्या आणि शेजारच्या वर्गाच्या मध्ये प्लायवुडची भिंत आहे. इमारतीच्या उद्घाटनाला तिचं वर्णन 'अत्याधुनिक' असं झालं होतं. इकडून माझे अलंकार तिकडे जातात, तिकडून आनुवंशिकता इकडे येते. दरवर्षी साधारण याच दिवसांत तिकडचे सर फळ्यावर चौकोन काढतात, त्याचे चार भाग करतात आणि मुलांकडून घोकून घेतात: तीनास एक, तीनास एक. माझी मुलं उत्प्रेक्षा सोडून ते ऐकतात. मीही ऐकते. एवढं तालात म्हटल्यावर कोणत्याही गोष्टीची भीती वाटेनाशी होत असावी. मला मात्र ती अजून वाटते.

बारावीला मी मारेगावला होते. बाबा वणीच्या डेपोत मेकॅनिक. पहाटेच्या गाडीनं जात आणि संध्याकाळी हाताला ग्रीसचा वास घेऊन येत. दहावीपर्यंत विज्ञान मराठीतून शिकलो आणि एका उन्हाळ्यात ते इंग्रजी झालं. आदल्या वर्षीपर्यंत जिला पेशी म्हणत होतो तिचं नाव बदललं, तिच्या पोटातल्या सगळ्यांची नावं बदलली, आणि आम्ही साठ जण ती नवी नावं सासरी आलेल्या सुनेसारखे खालमानेनं पाठ करू लागलो. जीवशास्त्राला राऊत सर होते. ते पुस्तकातलं एक इंग्रजी वाक्य कीर्तनकाराच्या थाटात वाचायचे, पुस्तक पालथं ठेवायचे आणि म्हणायचे, "म्हंजे काय?" खरा तास त्या 'म्हंजे काय'नंतर सुरू व्हायचा.

प्रयोगशाळेच्या खिडकीत पाण्याच्या बाटल्यांच्या तोंडावर कांदे बसवलेले असायचे. त्यांना पांढरी मुळं फुटायची. मुळाचं टोक कापायचं, आम्लात टाकायचं, स्पिरिटच्या दिव्यावर कोमट करायचं, लाल रंग द्यायचा, काचेवर ठेवून अंगठ्यानं दाबायचं. दिवसभर बोटं मेंदी चुकल्यासारखी दिसायची. मायक्रोस्कोप कपाटात पुष्कळ होते, पण ते पाहुण्यांना दाखवायचे. त्यांतल्या बहुतेकांच्या भिंगांना बुरशी लागली होती. चालणारा एकच. त्यात डोकावल्यावर मला पहिल्यांदा दिसली ती माझी स्वतःची पापणी. मी तिची सुबक आकृती काढून नेली.

"थे काय काढलं वो, वाघमारे?" सर म्हणाले. "कांद्याले केस कवापासून आले?"

वर्ग हसला. पण दुसऱ्या खेपेला मला खरंच दिसलं. फिकट गुलाबी चौकटी, एकीत गडद दोऱ्यांचा गुंता, दुसरीत तेच दोरे मधोमध रांगेत उभे, तिसरीत कोणीतरी दोन्ही बाजूंनी ओढल्यासारखे निम्मे इकडे, निम्मे तिकडे. सुंदर होतं. मला मात्र डेपोतले बाबा आठवले. बाबा एक बोल्ट आवळला की दुसऱ्याकडून तपासून घेत. घाटात गाडी जायची म्हणून. इथे एवढं बारीक काम, प्रत्येकाच्या अंगात, चोवीस तास, आणि तपासायला कोणी नाही.

त्याच हिवाळ्यात ताई बाळंतपणासाठी लवकर माहेरी आली. तिचं सासर आर्णीचं. भाऊजींचं तिथे मोबाइल दुरुस्तीचं दुकान. सोबत चार वर्षांचा अंशू. तो सहा-सात महिन्यांचा असताना एका थंडीत त्याचे हातपाय सुजून भाकरीसारखे झाले होते. कोणी वात म्हणालं, कोणी नजर, एका डॉक्टरनं संधिवात म्हणून औषधही दिलं. मग यवतमाळच्या मोठ्या दवाखान्यात रक्त तपासलं आणि 'सिकलसेल' हा शब्द आमच्या घरात आला. त्याच्या रक्तातल्या तांबड्या पेशी गोल राहत नव्हत्या, विळ्यासारख्या वाकत होत्या, आणि बारीक नसांमध्ये एकमेकींत अडकून बसत होत्या. जिथे अडकल्या तिथे ठणका. थंडीत जास्त, पाणी कमी पडलं की जास्त. म्हणून आमच्या घरात त्याला पाणी पाजणं हा एक उद्योगच होता. आई म्हणायची, "हा घोट कावळ्याचा, हा घोट चिमनीचा," आणि तो म्हणायचा, "आता माह्या पोटात लय पाखरं झाले, आजी."

त्याला विहिरीवर जायला बंदी होती, गार फरशीवर बसायला बंदी होती. सकाळी ऊन अंगणात येईपर्यंत तो चुलीपाशी दोन स्वेटर घालून बसायचा आणि बाहेरच्या पोरांवर मोठ्यानं टीका करायचा.

आमच्या घरात पत्रिका पाहत नाहीत. आजोबांच्या पिढीनं धर्म बदलला तेव्हा पंचांग, मंगळ, छत्तीस गुण हे सगळं एका गाठोड्यात बांधून सोडून दिलं आणि फार बरं केलं. ताईच्या लग्नात चौकशी झाली ती मुलाच्या शिक्षणाची, दुकानाची, दारूची. रक्ताचीही करायची असते हे दोन्ही घरांत कोणाला माहीत नव्हतं. ताई धडधाकट, भाऊजी धडधाकट. दोघांच्याही रक्तात त्या रोगाचा एकेक अर्धा वाटा गुपचूप बसलेला होता, आणि अर्धा वाटा कुणाला त्रास देत नाही. असा माणूस आयुष्यभर पोती उचलतो, लेझीम खेळतो, आणि त्याला काही कळत नाही.

दवाखान्यातल्या समुपदेशन करणाऱ्या सिस्टरनं ताईला सांगितलं होतं की दोघांकडे अर्धा-अर्धा असला तर चारात एक मूल आजारी होऊ शकतं. हे वाक्य ताईनं घरी आणलं, आणि आईनं ते आपल्या हिशोबात बसवलं. तिच्या वडलांच्या वावराचे चार भावांत चार हिस्से झाले होते. तीन हिस्से काळ्या जमिनीचे आणि एक बरड, नुसती मुरमाड, जिच्यात तीळही धड येत नाहीत. बरड धाकट्या मामाच्या वाट्याला गेली.

"बरड कोनाच्या तरी वाट्याले येनारच होती," आई तांदूळ निवडता निवडता शेजारणीला समजावून सांगायची. "थे लहान्यानं घेतली. मंग बाकीच्याइले काळीच भेटली का नाही? तसंच हे. चारात एक. आपल्या अंशूनं घेतली बरड आपल्या अंगावर. आता येनारं लेकरू काळीतलं."

शेजारीण म्हणायची, "बरोबर आहे बाप्पा." मलाही बरोबर वाटायचं. आमच्या तालुक्यात हा हिशोब कोणालाही पटला असता. वाटण्या सगळ्यांनी पाहिल्या होत्या. घराला त्या हिशोबानं चांगली झोप लागत होती. आई जुन्या लुगड्यांची दुपटी शिवत होती आणि बाबा रिकाम्या डब्यापासून खुळखुळा करत होते.

आणि डिसेंबरात राऊत सर आनुवंशिकतेवर आले.

पुस्तकात वाटाण्याची झाडं होती, उंच आणि बुटकी. आमच्यापैकी कोणी वाटाण्याचं झाड पाहिलेलं नव्हतं. वाटाणा म्हणजे नागपूरहून येणारी, लग्नाच्या पंगतीत भातात पडणारी वस्तू. सर म्हणाले, "पुस्तकातल्या त्या पाद्रीबावाकडे वाटाने होते, त्यानं वाटान्याचं पाह्यलं. आपल्याकडे तूर आहे." त्यांनी खडूचे दोन रिकामे डबे टेबलावर ठेवले. एकावर लिहिलं 'माय', दुसऱ्यावर 'बाप'. प्रत्येकात तुरीचे दोन दाणे टाकले, एक लाल, एक पांढरा. डोळे मिटून दोन्ही डब्यांतून एकेक दाणा काढायचा. दोन पांढरे निघाले तर लेकरू निरोगी. एक लाल, एक पांढरा निघाला तर आईबापांसारखं, वरून धडधाकट. दोन्ही लाल निघाले तर आजारी.

"आन् काढले का परत टाकाचे," सर म्हणाले. "ज्याच्या त्याच्या डब्यात. दाने घरी न्याचे नाहीत. माह्या बायकोनं मोजून देल्ले आहेत."

माझ्या बाकावरची मनीषा पहिली गेली. दोन्ही लाल. वर्ग 'ओ' करून ओरडला. दाणे परत टाकून तिनं पुन्हा काढले. पुन्हा दोन्ही लाल. पोरं बाक वाजवायला लागली. "मनीषाचा हातच खराब आहे सर!" मागून कोणीतरी म्हणालं. तिनं रागानं तिसऱ्यांदा हात घातला आणि पुन्हा तेच. हसून हसून सरांनाही ठसका लागला. मी हसत नव्हते. टेबलावरच्या त्या दोन लाल दाण्यांकडे पाहत होते. ते इतके साधे होते. आमच्या घरी अशा तुरीचं पोतं होतं.

मी उभी राहिले. "सर, एक झाला असंल... म्हंजे पहिलं लेकरू आजारी असंल, तर चारातला एक संपला ना? मंग बाकीचे तीन चांगले ना?"

सरांनी खडू ठेवला. त्यांना बहुधा वाटलं मी पुस्तकातली शंका विचारतेय. "नाही. हे वाटनी नोहे, वाघमारे. दाने परत डब्यात गेले ना? त्याइले काय मालूम मागच्या खेपेले काय निंघालं थे? दरवेळेस नवा डाव. दरवेळेस चारात एक." मग पुस्तक उचलून तेच इंग्रजीत वाचलं, आणि ते वाक्य परीक्षेला येतं म्हणून दोनदा लिहून घेतलं.

घरी येताना रस्त्यावर जिनिंगकडे जाणाऱ्या कापसाच्या गाड्यांची रांग लागलेली होती. बाजूच्या बाभळींच्या काट्यांना जागोजागी कापूस अडकला होता. मी चालत होते आणि डोक्यात एकच चाललं होतं. आता हे घरी सांगायचं की नाही? शिक्षण घेतल्यानं घराचं भलं होतं असं आम्हाला विहारातल्या प्रत्येक कार्यक्रमात सांगत. मी पहिलं खरं शिक्षण घेऊन घरी चालले होते आणि त्यानं फक्त आईची झोप जाणार होती.

मी सांगितलं नाही. त्या दिवशी नाही, दुसऱ्या दिवशीही नाही. ज्ञान असं घरात लपवून ठेवायला फार अवघड असतं. जेवताना माझं लक्ष ताईच्या पोटाकडे जाई. तिथे दाणे केव्हाच निघाले होते. जे व्हायचं ते होऊन गेलेलं होतं, आणि आम्ही बाहेर बसून भाजीत मीठ कमी आहे का यावर बोलत होतो. आई दुपट्याला लाल काठ लावायला निघाली तर मी म्हटलं, "लाल नको." ती म्हणाली, "काहून? रंग नाही जात याचा." मी गाठोड्यातून पांढरा काठ काढून तिच्या पुढ्यात ठेवला.

अंशूचे नवे प्रश्न याच काळातले. "बेबीमावशी, बाळालेबी दोन स्वेटर लागतीन का?" त्यानं एकदा विचारलं. मला घरात बेबी म्हणतात.

"लहान बाळाले लागतातच."

"मोठं झाल्यावर?"

मी त्याला पाणी पाजलं. आमच्या घरात कोणत्याही अवघड प्रश्नाचं उत्तर पाणी होतं.

जानेवारीत कॉलेजात रक्ततपासणीचं शिबिर झालं. शिबिर म्हणजे खरं तर एका टेबलामागे बसलेल्या दोन सिस्टर, कापूस, सुया आणि नळ्या. पण त्याचं उद्घाटन व्हायचं होतं. मांडव होता, सनई होती, गाद्या टाकलेल्या खुर्च्या होत्या, आणि एवढा मोठा फलक की त्यावर पाच पुढाऱ्यांचे फोटो मावून खालच्या कोपऱ्यात एक परीक्षानळी बसली होती. पाहुणे उशिरा आले. शाल, श्रीफळ, पुन्हा शाल. ज्यांनी शाल दिली त्यांनाही शाल. मुख्य पाहुणे बोलायला उभे राहिले आणि म्हणाले, "हा जो सिकलसेलचा जंतू आहे, या जंतूला आपण आपल्या तालुक्यातून हद्दपार केल्याशिवाय स्वस्थ बसणार नाही!" टाळ्या झाल्या. राऊत सर पहिल्या रांगेत होते. त्यांनी आपल्या चपलेकडे पाहत टाळ्या वाजवल्या. मी विचार करत होते, हद्दपार करायचं तर आधी ताईला करावं लागेल, मग भाऊजींना, मग अर्ध्या तालुक्याला. आभारप्रदर्शन संपेस्तोवर सिस्टरांसाठी आणलेला चहा गार झाला होता आणि एक मुलगा रांगेत चक्कर येऊन पडला. रक्त काढायच्या आधीच.

माझी नळी स्वच्छ निघाली. सिस्टर म्हणाली, "तुझ्याकडे काहीच नाही." लोक निकाल चांगला आला की उड्या मारतात. मला एकदम चोरी केल्यासारखं वाटलं. ताईच्या आणि माझ्या वेळी आईबाबांचे डबे तेच होते. तिच्या हाताला लाल लागला, माझ्या हाताला पांढरा. ती लहानपणापासून माझ्यापेक्षा हुशार, देखणी, घरातलं सगळं काम उरकून वर अभ्यास करणारी. दाणे काढणाऱ्याला यातलं काहीच दिसत नाही. आपण त्याला न्याय म्हणतो की निष्काळजीपणा, हे आपल्या वाट्याला काय आलं त्यावर ठरतं.

त्याच आठवड्यात अंशूला ठणका लागला. सकाळी उठला तो पाय धरूनच. आईनं विटा गरम करून फडक्यात गुंडाळल्या, मिठाची पुरचुंडी तव्यावर शेकली, मी तांब्या घेऊन बसले. तो ओरडत नव्हता. ओरडलं की जास्त दुखतं हे त्याला चार वर्षांत कळलं होतं. दात आवळून नुसता "ऊं, ऊं" असा आवाज करत होता, लांब कुठे बैलगाडी चढ चढत असावी तसा. दुपारपर्यंत औषध लागू पडलं आणि तो झोपला. ताई अंगणात उन्हाला येऊन बसली, पाय लांब करून, हात मागे टेकून. सातवा महिना होता. मी तिच्याशेजारी बसले आणि मला राहवलं नाही.

"ताई, थे आई म्हनते ना, चारात एक..."

"हं."

"तसं नसते थे. सरनं सांगतलं."

ताईनं डोळे उघडले नाहीत. "मालूम आहे मले."

"काय मालूम आहे?"

"दरवेळेस नवं असते. थ्या सिस्टरनं चांगलं समजावून सांगतलंतं. कागदावर काढून दाखवलंतं. मी घरी येऊन आईले अर्धंच सांगतलं."

एवढे दिवस मी जे लपवत होते ते तिनं माझ्या कितीतरी आधीपासून लपवलं होतं, आणि माझ्यापेक्षा फार चांगलं.

"काहून?"

"आईले झोप लागते त्यानं," ताई म्हणाली. "तिले झोप लागली का थे चांगला सैपाक करते. पूरं सांगतलं असतं तर थे रोज रडली असती, आन् तिले समजवाचं काम मलेच पडलं असतं. मले नाही जमत आता दोन दोन कामं."

"आन् तुले झोप लागते?"

"तू अभ्यास कर आपला."

अंगणातल्या दोरीवर अंशूचे पायमोजे वाळत होते. मी विचारलं, "पोटातल्या बाळाची तपासनी होते म्हनतात. मोठ्या शहरात."

"होते. भाऊजी तुहे तयार होते. मीच नाही म्हनलं." आता तिनं डोळे उघडले. आवाज अगदी खाली आणला. आत अंशू झोपला होता. "थे विचारतात ना, असं निंघालं तर काय कराचं? मी काय म्हनू? का असं नको? अंशू मांडीवर बसलेला असताना मी म्हनू, का याच्यासारखं नको?"

पुढच्या आयुष्यात मी या विषयावर बरीच पुस्तकं वाचली, दोन्ही बाजूंचे शहाणे लोक ऐकले. ज्या बायका तपासणी करून घेतात त्यांच्या बाजूनं मी वादही घातलेत, आणि आजही घालीन. पण त्या दिवशी अंगणात बसून ताईनं विचारलेल्या प्रश्नाला उत्तर देणारा परिच्छेद मला अजून सापडलेला नाही.

त्यानंतर आम्ही दोघी मिळून आईपासून लपवू लागलो. भीती एकटीची होती ती दोघींची झाली, म्हणून निम्मी झाली असं नाही. फक्त कधी आई दुपट्यांची घडी घालत "काळीतलं लेकरू" म्हणाली की ताई माझ्याकडे पाही आणि मी वहीत डोकं घाली. त्या वहीत विळ्यासारख्या पेशीची आकृती होती. मी ती इतकी चांगली काढायला शिकले होते की वर्गातली पोरं माझ्याकडून उतरवून घेत.

प्रात्यक्षिक परीक्षेला बाहेरचे परीक्षक आले. सफारी घातलेले, कपाळावर गंध, पुढ्यात काजूची बशी. त्यांनी मला नेमकं तेच विचारलं. मी सांगितलं: दोष कुठे असतो, कसा उतरतो, आईबाप दोघे वाहक असतील तर काय, दर खेपेला शक्यता किती. थंडीत का वाढतं तेही सांगितलं, पाणी का पाजायचं तेही. ते काजू खायचे थांबले. मग राऊत सरांकडे वळून म्हणाले, "पाठांतर चांगलं आहे हं मुलीचं." राऊत सरांनी काजूची बशी त्यांच्याकडे सरकवली. शिबिरानंतर ते एकदा आमच्या घरी चहाला येऊन गेले होते आणि अंशूनं त्यांना आपले दोन्ही स्वेटर दाखवले होते.

पळस फुलले, थंडी गेली, आणि बोर्डाचे पेपर चालू असताना ताईला मुलगी झाली. गोरी, धष्टपुष्ट, घर डोक्यावर घेणारी. आई म्हणाली, "पाहा, काळीतली." पण पाहून काहीच कळत नव्हतं. अंशूही जन्मला तेव्हा असाच होता. पहिले काही महिने बाळाचं रक्त आईच्या पोटातल्या जुन्या सवयीनंच चालतं. खरं काय ते नंतर कळतं, असं दवाखान्यात सांगितलं. म्हणजे अजून थांबा. उन्हाळा थांबलो, पावसाळा थांबलो. मी यवतमाळला बी.ए.ला आले. विज्ञान का सोडलं असं लोक विचारत. मी म्हणे, गणित जमत नाही. ताई आर्णीला परत गेली होती. फोनवर ती मला पोरीचे दात, रांगणं, पडणं सगळं सांगायची. शेवटी कधीतरी हळूच म्हणायची, "हातपाय पाह्यले आज. नाही सुजले."

दिवाळी झाली, सकाळी तोंडातून वाफ निघू लागली, तेव्हा तपासणी झाली. निकालाच्या दिवशी ताई पोरीला घेऊन आर्णीहून आली आणि मी हॉस्टेलवरून दवाखान्यात गेले. खिडकीपाशी गर्दी. आतल्या माणसानं नाव पुकारलं, कागद पाहिला, ताईकडे पाहिलं.

"आई का तुम्ही? मुलगी वाहक आहे. अर्धा. आजार नाही."

"म्हंजे चांगली?" ताईनं विचारलं.

"चांगली. फक्त लग्नाच्या वेळी समोरच्याचं रक्त तपासून घ्या."

ताई "हो" म्हणाली. जिच्या लग्नाबद्दल चाललं होतं ती स्वतःच्या झबल्याची गाठ चावत होती.

बसस्टँडवर आल्यावर ताईनं मारेगावला फोन लावला. आईचा आवाज मला बाजूला उभी राहून ऐकू येत होता. "मी म्हनलं नव्हतं? मले मालूमच होतं. बरड एकदाच येते वाट्याले. आता अजून दोन चांगले आहेत तुह्ये बाकी, भेऊ नोको." चुकीचा हिशोब बरोबर उत्तर देऊन मोकळा झाला होता, आणि आता तो कधीच कोणाला खोडता येणार नव्हता.

"हो आई," ताई म्हणाली, आणि फोन ठेवला.

आर्णीची गाडी लागलेली होती. निघायला वेळ होता म्हणून मीही तिच्याजवळ आत जाऊन बसले. खिडकीकडे एक वयस्क बाई बसली होती, मांडीवर पेरूंची पिशवी. ताईनं पोरीला छातीशी धरलं, पदर नीट केला, तिकिटाचे सुटे पैसे हातात काढून ठेवले. सगळं नेहमीसारखं. आणि एकदम तिचा चेहरा फुटला. एवढा हिवाळा, एवढं बाळंतपण, एवढा उन्हाळा-पावसाळा मी तिला एकदाही रडताना पाहिलं नव्हतं. ती हुंदके देत होती आणि तिला थांबता येत नव्हतं. पुढच्या सीटवरची माणसं वळून पाहू लागली.

पेरूवाल्या बाईनं आधी ताईकडे पाहिलं, मग पोरीच्या कानातल्या बारीक बाळ्यांकडे.

"पोरगी झाली म्हनून रडतं का वो बाई?" ती म्हणाली. "नोको रडू. मले तीन पोरीच आहेत. म्हातारपनी त्याच पाह्यतात."

मी काही सांगायला तोंड उघडलं. ताईनं माझा हात दाबला.

"हो ना मावशी," ती म्हणाली. तिनं पोरीला उचललं, त्या बाईच्या मांडीवर दिलं, आणि दोन्ही हात मोकळे करून पोटभर रडून घेतलं.